जिलबी विझेपर्यंत

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
२१ डिसेंबर २०२५

प्रिय संघपाल,

जय भीम. पाकीट पाहून घाबरू नकोस, माझी तब्येत ठीक आहे. साखर तपासली, आहे तेवढीच आहे. हे फोनवरही बोलता आलं असतं, पण आपला फोन तुला माहीतच आहे. तू विचारतोस जेवलात का, मी म्हणतो जेवलो. तू विचारतोस गोळी घेतली का, मी म्हणतो घेतली. मग दोघंही गप्प बसतो आणि तू म्हणतोस, ठेवू का बाबा. मला जे सांगायचं आहे ते त्या फोनमध्ये मावत नाही. म्हणून आज सकाळी अंगणात उन्हाला खुर्ची टाकून लिहायला बसलो. एकतीस वर्षं सरकारी जीप चालवली आणि लॉगबुकात गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोहोचली, एवढंच लिहिलं. तेव्हा अक्षर आणि वाक्यं जशी येतील तशी गोड मानून घे.

थंडी यंदा लवकर आली. दौलताबादकडून वारा सुटला की सकाळी नळाला हात लावावासा वाटत नाही. तुझ्या आईनं लावलेला कढीपत्ता पत्र्यापर्यंत गेला. गल्लीतल्या बाया न विचारता तोडून नेतात आणि मी काही बोलत नाही, तिनंही कधी कुणाला अडवलं नव्हतं. तुझा धम्मपालकाका माझा चुलतभाऊ असल्याच्या हक्कानं कालपर्यंत रोज चहाला यायचा आणि चहा फिका झाला म्हणून नावं ठेवायचा. मी भाकरी करायला शिकलो. ती अजून गोल होत नाही, पण खाणारा मी एकटाच, त्यामुळे तक्रार करायला कुणी नाही. आता गाडीची बातमी. आपल्या पांढऱ्या गाडीचे चारही हीटर प्लग बदलून घेतलेत. कितीही गारठा असो, पहिल्या झटक्यात सुरू होते. एवढं लिहून मी दहा मिनिटं पेन धरून नुसता बसलो होतो. तूही हे वाचून पत्र घडी करून बाजूला ठेवशील असं मला वाटतं. ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच.

मी रिटायर झालो त्या वर्षी ही गाडी आणली. आधी कुणीतरी वापरलेली होती, पण तुझ्या आईला ती नवीच वाटायची. तिला पुढच्या सीटवर बसायला आवडायचं नाही, समोरून येणारा प्रत्येक ट्रक आपल्याच अंगावर येतोय असं तिला वाटायचं. ती मागे मधोमध बसायची आणि दोन सीटांच्या मधून डोकं काढून सगळं बघायची. पहिल्याच हिवाळ्यात एकदा मी चावी अर्धी फिरवली तेव्हा समोर वेटोळ्याचं पिवळं चिन्ह पेटलं. तिनं विचारलं, ही जिलबी कशाची? मी मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते, गार पडलं की त्याला आधी ऊब लागते. आत बोटाएवढे चार हीटर प्लग असतात, ते तापेपर्यंत हा दिवा पेटलेला राहतो. दिवा विझला की खुशाल स्टार्टर मारायचा. एवढं ऐकून तिनं लक्षात काय ठेवलं, तर जिलबी विझेपर्यंत थांबायचं. तेव्हापासून आपल्या घरात तो बोलायचा शब्दच होऊन गेला. चहाला उकळी यायच्या आत कुणी गाळणी हातात घेतली की ती म्हणायची, जिलबी विझू द्या. रूपाच्या घरून होकार यायला चार दिवस लागले आणि तू अंगणात येरझाऱ्या घालत होतास, तेव्हाही तिनं हेच म्हणून तुला चिडवलं होतं. मी तर जुना ड्रायव्हर. तुला गाडी शिकवताना जिलबी पेटलेली असताना तुझा हात चावीवर गेला की मी चापट मारायचो.

आता पुढचं तुला माहीत आहे, पण ते माझ्या हातचं लिहिलेलं तुझ्याकडे असावं म्हणून लिहितो. ती गेली त्या हिवाळ्यात आणि त्याच्या आदल्या हिवाळ्यात गाडी सकाळी कुरकुर करायला लागली होती. चार-पाच वेळा स्टार्टर मारावा लागायचा, मागून पांढरा धूर निघायचा आणि कच्च्या डिझेलचा वास गल्लीभर पसरायचा. तू तेव्हा वाळूजच्या कारखान्यात होतास, यंत्रांशी तुझा रोजचा संबंध. दिवाळीत तू मला म्हणालास की बाबा, हीटर प्लग गेलेले दिसतात, एकदा काढून बघू. मी म्हणालो, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी डिझेल चालवतोय. जिलबी पेटते, जिलबी विझते, म्हणजे प्लग चांगले आहेत. तू पुन्हा म्हणालास तेव्हा मी ताटावरून उठलो. आपल्याकडे कडक थंडी ती किती, दीड-दोन महिने. ऊन वर आलं की गाडी मुकाट्यानं सुरू व्हायची आणि मला वाटायचं, माझंच खरं. तुझी आई मध्ये पडली, पोरगं म्हणतंय तर एकदा दाखवून आणा म्हणाली. मी तिला संक्रांतीनंतर नेतो असं सांगितलं.

अकरा जानेवारीला पहाटे पाचच्या सुमारास ती छातीला हात लावून उठून बसली. झंपर घामानं भिजलं होतं. रूपानं रुग्णवाहिकेला फोन लावला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन हर्सूलकडे गेलेली, यायला वेळ लागणार होता. तू आईला उचलून गाडीत मागे बसवलंस. मी तिच्या शेजारी बसलो, तिचा हात माझ्या हातात होता. तू चावी फिरवलीस तेव्हा जिलबी पेटलेली होती, हे मी पाहिलं. तू थांबला नाहीस. इंजिन नुसतं घरघरलं. तू पुन्हा स्टार्टर मारलास, लगेच पुन्हा मारलास. तेव्हा तशा कळेतही ती पुढे वाकली आणि तुझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "हळू रं बाळा, जिलबी तर इझू दे." मग तू थांबलास. जिलबी विझली, तू चावी फिरवलीस, तरीही गाडी सुरू झाली नाही. बॅटरी उतरत चालली होती. मी मनात म्हणालो, पहिल्या घाईनं घात केला, आता इंजिन रुसलं. गल्लीतली चार माणसं आली, आपण गाडी ढकलली, ती पांढरा धूर सोडून चढाला जाऊन थांबली. शेवटी समोरच्या भाजीवाल्याचा टेम्पो मिळाला. फ्लॉवरची पोती बाजूला सारून सतरंजी टाकली आणि तिला घेऊन निघालो. छावणी ओलांडेपर्यंत तिच्या हातात ऊब होती. डॉक्टरांनी तपासलं आणि हळू आवाजात म्हणाले, अर्धा-पाऊण तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर सगळे नातेवाईक जमलेले असताना मी तुला म्हणालो, "जिलबी विझू दिली नाहीस तू. तुझ्या घाईनं गेली ती." तू मान वर केली नाहीस. रूपानं माझ्याकडे असं पाहिलं की मला अजून तिच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नाही. मला तेव्हा कुणावर तरी ओरडायचं होतं आणि तू समोर होतास. रागाच्या भरात माणूस बोलून जातो, ऐकणारे विसरतात, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिलो. पण तिचे शेवटचे शब्दही जिलबीचेच होते. ते माझ्या बोलण्याला जाऊन चिकटले असणार आणि तुला दोन्ही एकदमच ऐकू येत असणार, हे बापाला कळायला हवं होतं. ती तुला दोष देत नव्हती रे. तू चावीवर चावी फिरवत होतास ते तिला दिसलं, आणि तुला धीर द्यायला तिला आपला नेहमीचा घरातला शब्द आठवला. तोही खोटाच होता. तिला तो मीच शिकवला होता.

खोटा का, ते सांगतो. गाडी मी छावणीतल्या मुनीरभाईंकडे नेली. माझ्या जीपपासूनचे ते मेकॅनिक, तू ओळखतोस. त्यांनी बॅटरी भरून दुपारच्या उन्हात गाडी कशीबशी सुरू केली, इंजिन गरम झालं की अडकून बसलेले प्लग सुटायला सोपे जातात म्हणून. मग प्लगच्या तोंडाशी तेल सोडून, पान्याला एकदम जोर न देता, पाव वेढा पुढे, पाव वेढा मागे करत तीन काढले. चौथा आत फुगून बसला होता. तो तुटून आत राहिला असता तर सगळं इंजिन उघडावं लागलं असतं, म्हणून त्या एकट्यासाठी त्यांनी तासभर घातला. चारही प्लग फडक्यावर मांडले आणि बॅटरीच्या दोन वायरी एकेकाला लावून मला दाखवायला लागले. प्लग चांगला असला की त्याचं टोक लाल होतं. पहिला काळाच राहिला. दुसराही काळा. तिसऱ्याचं टोकच जळून गेलेलं होतं. चौथा काळा. नंतर नवा लावला, तर मी पाच मोजेपर्यंत लालबुंद झाला. मी म्हणालो, अहो पण दिवा तर रोज पेटत होता, रोज विझत होता. मुनीरभाई हात पुसत म्हणाले, "ये बत्ती टाइम देखके बुझती कडुबाभाई, प्लग देखके नइं. ये चारों दो सर्दी से मरेले हैं."

तू यंत्रातला माणूस, तुला एवढ्यावरून सगळं समजलं असेल. तरी मी लिहितो. आत काय चाललंय ते त्या दिव्याला ठाऊकच नव्हतं. ठरलेले काही सेकंद पेटायचं आणि विझायचं, एवढंच त्याचं काम, आत प्लग जिवंत असोत नाहीतर मेलेले. त्या पहाटे तू पहिल्यापासून थांबला असतास तरी ते इंजिन सुरू झालं नसतं. अर्धा तास थांबला असतास तरी झालं नसतं. एकतीस वर्षं डिझेल चालवणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं. मी दिव्यावर विश्वास ठेवला आणि तू दोनदा सांगितलंस ते ऐकलं नाही. दिवाळीत तू म्हणालास तेव्हा गाडी नेली असती तर मुनीरभाईंचं ते एका दुपारचं काम होतं.

आता तारीख सांगतो. वर मुद्दामच लिहिली नाही, लिहायला हात धजावला नाही. मुनीरभाईंकडे मी गाडी नेली ती पंधरा जानेवारीला. तुझी आई जाऊन चौथा दिवस. बॅटरी भरून आणतो असं सांगून मी घरातून निघालो होतो. आणि एकोणीस तारखेला तिचा जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तू पांढरा शर्ट घालून पहिल्या ओळीत बसला होतास. भन्तेजींनी वंदना घेतली, मग एकेक जण उठून माइकवर तिच्याबद्दल बोलला. तिनं कुणाचं बाळंतपण केलं, कुणाच्या पोरीच्या फॉर्मसाठी कचेरीत दिवसभर बसली, कुणाच्या घरचं भांडण मिटवलं. मग धम्मपाल उठला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तरण्या पोरांना दोन शब्द सांगावेत एवढंच. तो म्हणाला, "आपल्या संघपालनं अर्धा मिनिट दम धरला असता, तर आज वहिनी आपल्यात असत्या." सगळा मांडव तुझ्याकडे बघायला लागला. मला तेव्हा सगळं माहीत होतं, संघपाल. चार दिवसांपासून माहीत होतं. माइक माझ्यापासून हाताच्या अंतरावर होता आणि मी उठलो नाही. तू उठलास, आणि पंगतीला पाणी वाढायला गेलास.

का उठलो नाही, याचा विचार मी रोज करतो. तुझ्या घाईनं ती गेली नसेल, तर माझ्या हट्टानं गेली. तिसरं कुणी त्यात नव्हतंच. ते आपल्याला पेलणार नाही असं मला वाटलं, म्हणून ते तुझ्याच डोक्यावर राहू दिलं. तू तरुण आहेस, रूपा आहे, विसरून जाशील, असं मी परस्पर ठरवून टाकलं. महिन्याभरात तू चाकणची नोकरी धरलीस. गल्लीत सगळ्यांना सांगितलं की पोराची बढती झाली. तुला मी एका शब्दानं थांबवलं नाही, उलट बरं वाटलं, कारण तू समोर नसलास की मला गप्प बसणं सोपं जायचं. गेल्या स्मृतिदिनाला आलास तेव्हा आदल्या संध्याकाळी आलास आणि दुसऱ्या दिवशी जेवून निघालास. गाडीजवळून जाताना तू मान फिरवलीस, ते मी ओट्यावरून पाहिलं. गाडी मी विकलेली नाही. रोज सकाळी बाहेर काढतो. चावी लावतो, दिवा विझतो, आणि ती लगेच सुरू होते. थंडी जितकी जास्त, तितकं तिचं ते पटकन सुरू होणं माझ्या मनाला लागतं. मग इंजिन चालू ठेवून मी तिथेच बसून राहतो. मागच्या सीटकडे वळून बघायची माझी हिंमत होत नाही. मी तुझ्या आईच्या आठवणीनं रडतो असं गल्लीला वाटतं, आणि तेही खोटं नाही.

हे सगळं मी माझ्याबरोबर घेऊन गेलो असतो. तेवढा निगरगट्ट मी आहे. पण गुरुवारी तू कामावर असताना रूपाचा फोन आला. ती म्हणाली, तुमची चाकणची गाडी पेट्रोलची, तिला असला काही दिवाच नाही, तरी तू रोज सकाळी चावी लावून आधी नुसता बसतोस आणि तुझे ओठ हलतात. तिला वाटायचं तू वंदना म्हणतोस. एकदा कान देऊन ऐकलं तर तू आकडे मोजत होतास, तीसपर्यंत. एके दिवशी उशीर झाला म्हणून ती मध्येच काही बोलली, तर तू पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केलीस. रूपा म्हणाली, "बाबा, मला वाटतं, ते जिलबी विझायची वाट बघत असतात." दोन वर्षं मी तुला त्या सीटवर बसवून ठेवलंय. काल धम्मपालला सगळं सांगितलं, तो चहाचा कप तसाच ठेवून उठून गेला, आज आला नाही. अकरा जानेवारीला विहारात त्याच सगळ्या लोकांसमोर मी माइक घेणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. पण आधी तुला कळायला हवं, म्हणून हे पत्र. मी माफी मागत नाही, कारण मागितली की तू लगेच देशील, स्वभाव तुझा आईचा आहे, आणि मला ती इतक्या सहज मिळायला नको. मला फक्त एवढंच सांगायचं होतं की तुझी आई जात होती आणि तू घाई केलीस. लेकरानं त्या वेळी तेच करायचं असतं, बाळा. तू बरोबर होतास.

तुझाच म्हणवून घ्यायला आज लाज वाटते, तरीही
तुझाच,
बाबा